अँबॅसडर तेल गाळतेय? इंजिन खोलण्याआधी ब्रीदर बघा

दौलतगंज (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. जुनी अँबॅसडर बाळगून असलेल्या सगळ्यांसाठी हा धागा काढतोय. आपल्याकडे ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी नळी, तुंबल्यासारख्या एका साध्या गोष्टीपायी चांगली चाललेली इंजिनं खोलली जातात, आणि ते बघून मला खरोखर वाईट वाटतं.

गाडी १९७८ ची, मार्क ३, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. वडिलांनी घेतलेली. घरच्या अडचणींमुळे बराच काळ उभी होती. पुन्हा रस्त्यावर काढली आणि तेल गळायला लागलं. आधी टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) कडेनं, मग पुढे पुलीच्या मागून, नंतर बेलहाऊसिंगच्या (मागच्या, क्लचच्या घराच्या) तळाच्या भोकातून. सिग्नलला थांबलं की बॉनेटच्या फटीतून धूर यायचा आणि त्याचा वास थेट गाडीत शिरायचा. डिपस्टिक जागेवरून वर सरकलेली सापडायची. डिसेंबरात तेल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळसर, लोण्यासारखा थर.

दोन मिस्त्रींना दाखवली. एक म्हणाला, "साहब, रिंग-पिस्टन गया, इंजन खुलेगा." दुसऱ्यानं तो थर बघून हेड गॅस्केट गेल्याचं सांगितलं. पण रेडिएटरमधलं पाणी तसूभर कमी होत नव्हतं, आणि गाडी घाट असो की ट्रॅफिक, ओढायला कुठेच मागे पडत नव्हती. म्हणून खोलायला नाही म्हटलं आणि आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही सिलिंडर ११५ ते १२२ पीएसआय. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो कमी असल्यामुळे हे आकडे चांगलेच म्हणायचे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौघांत फारसा फरक नाही. प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून पुन्हा मोजलं तर जेमतेम पाचाची वाढ. म्हणजे रिंगा शाबूत.

मग दाब येतो कुठून? रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि तेल असतं त्या भागात, उतरतोच. नव्या इंजिनातही उतरतो. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, आम्लं असतात आणि भरपूर पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण खाली उतरलेली वाफ गार चेंबरमध्ये तेलात मिसळली की झाकणाखाली तो थर धरतो. ग्वाल्हेरच्या थंडीत दौलतगंज ते बाडा ते फूलबाग एवढंच फिरणं असेल तर तेल कधी नीट तापतच नाही. हा सगळा वायू बाहेर जायला वाट ठेवलेली असते. ती बंद झाली की तो मिळेल त्या फटीतून निघतो, आणि निघताना तेल घेऊन निघतो.

आपल्या इंजिनात वाटा दोन. डाव्या अंगाला, मॅनिफोल्डच्या खाली, पत्र्याची दोन साइड कव्हरं आहेत. त्यांतल्या पुढच्या कव्हरातून एक नळी निघून सरळ खाली जाते, टोक तिरकं कापलेलं. गाडी पळताना खालून जाणारा वारा त्या तोंडाशी ओढ निर्माण करतो आणि आतली हवा बाहेर खेचली जाते. दुसरी वाट वरून: टॅपेट कव्हरच्या नळीतून रबरी होजनं एअर क्लीनरकडे.

माझ्या गाडीत दोन्ही बंद. वरच्या होजमध्ये कुणीतरी कधीतरी बोल्ट ठोकून वर क्लिप आवळली होती. एअर क्लीनरमध्ये तेल येतं म्हणून केलं असणार. खालच्या नळीत तर टॉर्च मारला तरी काही दिसेना. सायकलचा स्पोक घातला तर चार बोटांवर अडला. नळी काढून फरशीवर आपटली तेव्हा वाळलेल्या चिखलाचे तुकडे पडू लागले. कुंभारीण माशीचं घरटं! एकामागे एक कप्पे, आत सुकलेल्या कोळ्यांची टरफलं. उभ्या गाडीत माशीनं निवांत संसार थाटलेला.

नळी रॉकेलमध्ये भिजत घातली आहे. पुढचं झालं की लिहीनच. पण ज्यांची गाडी अशी गळते त्यांनी आजच या दोन नळ्या तपासा. मिस्त्रीकडे जाण्याआधी.

मुरारकर (ग्वाल्हेर)

बापरे, माशीचं घरटं! आमची पद्मिनी पण मुरारच्या घरी शेडमध्ये वर्षभर उभी आहे. उद्याच बघतो. दौलतगंज, एक सांगा, मागून बेलहाऊसिंगमधून गळणारं तेलसुद्धा याच कारणानं? तिथलं ऑइल सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणतात.

दौलतगंज (ग्वाल्हेर)

अँबॅसडरपुरतं सांगतो. या तीन मेन बेअरिंगच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नाहीच! क्रँकवरच उलट्या आट्यांची खाच कापलेली असते. क्रँक फिरताना ती खाच बाहेर निघू बघणारं तेल परत आत ढकलते. क्रँक आणि भोवतीचं लोखंड यांच्यात बारीक फट असतेच, ठेवावीच लागते. आत दाब साठला की त्या बिचाऱ्या खाचेचं काही चालत नाही, तेल फटीतून बाहेर येतं आणि क्लचवर जातं. म्हणून या इंजिनात ब्रीदरला इतकं महत्त्व. जे सील नाहीच ते बदलायला गिअरबॉक्स उतरवणारे मी पाहिलेत.

पाटणकरबाजार (ग्वाल्हेर)

धागा चांगला आहे, पण एक शंका. कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे सगळं चांगलं, असं नाही. वरच्या रिंगा दाब धरतात, तेल ओरबाडणारी रिंग वेगळी. ती गेली तर कॉम्प्रेशन छान दाखवेल आणि इंजिन तेल पीत राहील. त्यामुळे "रिंगा शाबूत" हे मी एवढ्यात म्हणणार नाही. आणि मिस्त्रींना सरसकट दोष देऊ नये. माझ्या गाडीचं इंजिन मिस्त्रीनं योग्य वेळी खोललं म्हणून वाचलं, बिग एंडचे बेअरिंग पार घासले होते.

दौलतगंज (ग्वाल्हेर)

मान्य. तेल ओरबाडणारी रिंग गेली तर निळा धूर सायलेन्सरमधून येतो, प्लग तेलकट होतात. माझे चारही प्लग कोरडे, विटकरी रंगाचे. धूर बॉनेटखालून येत होता, मागून नाही. आणि मिस्त्रींबद्दल माझ्या मनात आदरच आहे, गाडी आजवर त्यांच्याच हातांनी चालली. एवढंच म्हणणं की दाब कुठून येतो ते मोजल्याशिवाय इंजिन उघडू नये.

जहाजी (ग्वाल्हेर)

मोजायचं म्हणताय तर नीट मोजा. उभी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, तिथे चेंबरमधल्या दाबावर लक्ष ठेवणं हा रोजचा धर्म.

साधन फुकटात होतं. गवंडी लेव्हल धरायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. एका फळीवर यू आकारात बसवा, दोन्ही उभ्या बाजू निदान हातभर उंच ठेवा. निम्म्यापर्यंत पाणी भरा, थोडी शाई टाका म्हणजे दिसेल. मागे पट्टी चिकटवा. आता डिपस्टिक काढून त्या भोकात नळीचं एक टोक घट्ट बसवा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की हवा निसटत नाही. दुसरं टोक उघडं. इंजिन गरम करून स्लोवर (ॲक्सिलरेटर न देता) ठेवा आणि दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मिलिमीटरमध्ये वाचा. उघड्या बाजूचं पाणी वर गेलं तर आत दाब. इंजिनाकडची बाजू वर आली तर आत ओढ. मग कुणाला तरी ॲक्सिलरेटर हळूहळू द्यायला सांगा आणि पुन्हा वाचा. सगळ्या वाटा बंद असतील तर पाणी उडून बाहेर येईल, तोंड जवळ नेऊ नका.

१०० मिमी पाणी म्हणजे जेमतेम १ किलोपास्कल. ऐकायला काहीच नाही. पण चेंबरचं बूड अर्धा मीटर लांब आणि वीस सेंटिमीटर रुंद धरलं तर त्यावर दहा किलोच्या वजनाएवढा जोर येतो, आणि तोच दाब प्रत्येक कॉर्कच्या पॅकिंगवर, प्रत्येक फटीवर. सुस्थितीतल्या इंजिनात स्लोवर आकडा शून्याच्या आसपास किंवा थोडा ओढीकडे हवा.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. ब्रीदरची नळी थेट इनटेक मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेला) जोडून "ओढ वाढवण्याचा" सल्ला गॅरेजात ऐकू येतो. मधे व्हॉल्व्ह नसताना हे कधीही करू नका. तेलाची वाफ आणि हवा यांचं मिश्रण पेट घेतं. सप्टेंबर १९४७ मध्ये बेलफास्टजवळ 'रेना देल पॅसिफिको' या जहाजाच्या चाचणीत क्रँककेसचा स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. आमच्या पेशात ही घटना शिकवलीच जाते. मोटारीचं इंजिन लहान, तेवढा अनर्थ होणार नाही, पण कार्ब्युरेटरमधून बॅकफायर झालं आणि ज्वाला नळीतून चेंबरमध्ये उतरली तर साइड कव्हर फुगलेलं आणि पॅकिंग फाटलेलं मिळेल. माणूस वाकून बघत असेल तर त्याहून वाईट.

मुरारकर (ग्वाल्हेर)

काका, फार उपयोगी. नळी आजच आणतो लोहिया बाजारातून.

दौलतगंज (ग्वाल्हेर)

जहाजी काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे फळी तयार केली आणि काम पुरं करण्याआधी मुद्दाम जुन्या स्थितीतला आकडा घेतला. वरच्या होजमध्ये बोल्ट तसाच, खाली नळीच्या जागी बूच. स्लोवर दाब ४५ मिमी. रेस दिली तसं पाणी चढत गेलं, १२० ला मी हात वर करून थांबवायला सांगितलं. शाईचं पाणी नळीत असं चढताना डोळ्यांनी पाहिल्यावर मग तेल का गळत होतं, याबद्दल मनात काही शंका उरली नाही.

मग दोन्ही वाटा मोकळ्या केल्या. स्लोवर ३ ते ४ मिमी ओढ, म्हणजे एअर क्लीनरची होज आपलं काम करतेय. रेस दिली तरी दाब १० च्या वर गेला नाही. गाडी जागेवर उभी असताना खालच्या नळीला वारा नसतो, त्यामुळे एवढं पुरे. आता चालत्या गाडीत मोजायचंय, मुलाला शेजारी फळी धरून बसवणार आहे.

खालची नळी बसवताना एक गोष्ट लक्षात आली, ती ठळकपणे लिहितो. तिरका काप मागच्या बाजूला तोंड करून हवा. माझी नळी आधी कुणीतरी फिरवून बसवली होती, तोंड पुढे. अशा वेळी गाडी जितकी वेगात जाईल तितका वारा उलट चेंबरमध्येच शिरतो. ओढ राहते बाजूला, पंप लागल्यासारखं होतं.

कलाभवन (वडोदरा)

सुंदर चर्चा चालली आहे. वडोदऱ्याहून थोडी भर.

ही खालची नळी जगभर होती. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या लक्ष्मीविलास पॅलेसवर २१ गन सल्यूट हा जुन्या गाड्यांचा मेळा भरला तेव्हा बॉनेट उघडून ठेवलेल्या गाड्या जवळून बघायला मिळाल्या. जुन्या अमेरिकन गाड्यांवरही हीच तिरकी नळी. तिचे दोष दोन. गाडी उभी किंवा हळू असली की ओढ नाही, म्हणजे शहरातल्या ट्रॅफिकमध्ये ती जवळजवळ निरुपयोगी. आणि दुसरं, आतलं सगळं रस्त्यावर आणि हवेत. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं कोडं कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी उलगडल्यावर लक्षात आलं की मोटारींमधून निघणाऱ्या न जळलेल्या पेट्रोलचा काही हिस्सा सायलेन्सरमधून नाही, या ब्रीदरमधून येतो. म्हणून कॅलिफोर्नियात १९६१ मध्ये नव्या गाड्यांना पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे चेंबरमधला वायू परत इंजिनात जाळायला पाठवणारी झडप, सक्तीचा करायचं ठरलं. मोटारींच्या प्रदूषणावर बसवलेलं ते पहिलं उपकरण.

आपल्याच इंजिनाच्या, बी-सिरीजच्या, कुळातल्या एमजीबी या ब्रिटिश गाडीला १९६४ च्या सुमारास स्मिथ्स कंपनीचा असा व्हॉल्व्ह लागला. मॅनिफोल्डवर बसणारी गोल डबी, आत रबरी डायफ्राम, स्प्रिंग आणि सुई. स्लोवर मॅनिफोल्डची ओढ जास्त असते, तेव्हा डायफ्राम वाट अरुंद करतो, नाहीतर स्लो बिघडेल. ॲक्सिलरेटर दिला की ओढ कमी होते आणि वाट रुंदावते. त्याच वेळी चेंबरमधला वायूही जास्त असतो, म्हणून हा हिशेब जमतो. तो चालतोय का हे बघायची सोपी खूण: इंजिन गरम, स्लोवर, तेलाचं झाकण काढा. आरपीएम साधारण २०० नं वाढले तर व्हॉल्व्ह ठीक. पुढे १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी व्हॉल्व्हच काढला आणि नळी थेट एसयू कार्ब्युरेटरच्या पिस्टन आणि थ्रॉटल यांच्यामधल्या पोकळीला जोडली. तिथे ओढ कायम सौम्य असते, व्हॉल्व्हची गरजच नाही. ताजी हवा मात्र टॅपेट कव्हरच्या जेमतेम २ मिमीच्या भोकातून फिल्टर होऊन आत यायची, म्हणजे चेंबरमध्ये कायम थोडी ओढ राहायची.

तुमच्या गाडीवर एसयू असेल तर ही रचना करता येईल. आणि मला वाटतं करावी. मागच्या खाचेतून गळणारं तेल त्यानं आणखी कमी होईल.

निळी_फियाट (इंदूर)

कलाभवन, माहिती फार चांगली, पण शेवटच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध.

मूळ गाडी मूळ राहू द्या. २०२१ च्या विंटेज नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नसावेत. दौलतगंज यांची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीला पोचेल. मॅनिफोल्डला भोक पाडून आटे कापले की ते परत बुजत नाही. माझी १९७१ ची फियाट आहे, तिचं काहीही बदलताना मी एकच प्रश्न विचारते: हे उद्या पूर्ववत करता येईल का?

आणि व्यवहाराचं बघा. सिमरोलच्या घाटात लांब चढावर इंजिन भरल्या लोडवर असतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये ओढ जवळजवळ शून्य. म्हणजे वायू सगळ्यात जास्त असतानाच पीसीव्हीची मदत सगळ्यात कमी. तेव्हाही हवा जाणार ती एअर क्लीनरच्या होजमधूनच. मग मूळ रचना नीट ठेवली तर काय बिघडलं?

कलाभवन (वडोदरा)

ताई, घाटाचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच बंद रचनेतही एअर क्लीनरची होज ठेवतात. भोक न पाडता स्पेसरमधून किंवा ब्रेक बूस्टरच्या आयत्या जागेतून ओढ घेता येते. पण माझा मुख्य मुद्दा हवेचा. पीयूसीची सळई सायलेन्सरमध्ये घालतात. खालच्या नळीतून काय बाहेर पडतं ते तिथे मोजलंच जात नाही. माझ्या गाडीमागे स्कूटरवर बसलेलं पोर ते श्वासात घेतं. मला ते सहन होत नाही.

निळी_फियाट (इंदूर)

हे मला पटतं. अगदी मनापासून पटतं. माझ्यासारख्या महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्यांनी मूळ ठेवावं आणि रोज वापरणाऱ्यांनी बंद रचनेचा विचार करावा, इथपर्यंत मी येते. पण मारुती ८०० चा व्हॉल्व्ह आणून लावा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तो ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाच्या मापाचा आहे. आपल्या गाडीवर त्याचा मार्ग कमी पडेल आणि स्लोवरच्या हवेचं गणितही चुकेल.

पाटणकरबाजार (ग्वाल्हेर)

पीयूसीवरून आठवलं. बंद रचना करणाऱ्यांनी आधी तेल बदलावं. चोक ओढून ओढून चालवलेल्या गाडीच्या तेलात पेट्रोल उतरलेलं असतं. ते गरम झालं की वाफ होऊन पीसीव्हीतून इंजिनात जातं आणि मिश्रण घट्ट होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. जुन्या पेट्रोल गाड्यांना सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. तेल जुनं असेल तर चांगली गाडीही तिथे अडकते आणि माणूस उगाच कार्ब्युरेटर पिळत बसतो.

नवाशिका (ग्वाल्हेर)

मी या विषयात अगदी नवा आहे, नुकतीच आजोबांची अँबॅसडर ताब्यात घेतली. ऑनलाइन छोटा शंकूसारखा ब्रीदर फिल्टर मिळतो, चकचकीत, टॅपेट कव्हरच्या नळीवर सरळ बसतो. तो लावला तर एअर क्लीनरच्या होजची कटकट राहणार नाही ना?

जहाजी (ग्वाल्हेर)

बाळा, तो नको. त्याला वाट आहे, ओढ नाही. चेंबरमधला वायू बॉनेटखाली सुटेल आणि स्कटलच्या, म्हणजे काचेपुढच्या पत्र्यावरच्या, हवेच्या दारातून गाडीत येईल. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. आजोबांना मागच्या सीटवर बसवून फिरवणार असशील तर होजच लाव.

दौलतगंज (ग्वाल्हेर)

चालत्या गाडीतला आकडा मिळाला. डबऱ्याच्या रस्त्यावर ६० च्या वेगाला ओढ १२ ते १५ मिमी, ट्रॅफिकमध्ये २-३. खालची नळी वेगात किती काम करते ते यावरून दिसतं, आणि कलाभवन म्हणतात तसं शहरात ती किती कमी पडते तेही.

गळतीचं सांगतो. टॅपेट कव्हर आणि पुलीकडून पूर्ण थांबली, पॅकिंग न बदलता. बेलहाऊसिंगमधून अजून थेंब येतो, पण रात्रभरात रुपयाच्या नाण्याएवढा डाग. आधी थाळीएवढा असायचा. क्लच घसरायचा थांबला. डिपस्टिक जागेवर. लांबची फेरी मारून तेल बदलल्यावर झाकण आतून स्वच्छ आहे. थंडीत आठवड्यातून एकदा डबऱ्यापर्यंत जाऊन यायचं ठरवलंय, तेल पुरतं तापून त्यातलं पाणी उडून जाईपर्यंत.

पीसीव्ही सध्या करत नाही. माझ्या गाडीवर एसयू नाही, वडिलांनी नंतर सोलेक्सचा कार्ब्युरेटर बसवून घेतला, त्याला ती सौम्य ओढीची पोकळी नाही. मॅनिफोल्डला हात लावायचा म्हणजे चांगला मापाचा व्हॉल्व्ह हवा, तो मिळाला की कलाभवन यांच्या मार्गानं, भोक न पाडता, नक्की करीन. मागच्या स्कूटरवरच्या पोराचं त्यांनी लिहिलं ते मनातून जात नाही.

आता ज्यांना साइड कव्हर काढायचंय त्यांच्यासाठी. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, एक्झॉस्ट अगदी डोक्यावर येतो. कव्हर मधल्या एकाच बोल्टवर असतं. गळतं म्हणून लोक तो आवळत जातात आणि तिथेच घोटाळा होतो. पत्रा मधे खचतो, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. माझं कव्हर काचेवर ठेवून पाहिलं तर चारही कोपऱ्यांत नख जाईल एवढी फट. लाकडी ठोकळ्यावर उलटं ठेवून रबरी हातोडीनं हळूहळू सरळ केलं. कॉर्कचं नवं पॅकिंग कव्हरच्या बाजूनं चिकटवा, ब्लॉकच्या बाजूनं नुसतं तेलाचं बोट फिरवा. बोल्टखालचा वॉशर नवा घाला, जुना कडक झाला की बोल्टच्या बाजूनंच तेल झिरपतं. आणि बोल्ट लहान पान्यानं, मनगटाच्या जोरावर बसेल इतकाच. कव्हर बाहेर आहे तोवर आत टॉर्च मारून टॅपेट बघून घ्या, एवढी चांगली संधी पुन्हा मिळत नाही.

टॅपेट कव्हरच्या नळीखाली आतून पत्र्याचा छोटा आडोसा आहे का तेही बघा. तो सैल होऊन पडला असेल तर रॉकरवरून उडालेलं तेल सरळ होजमध्ये शिरतं आणि एअर क्लीनर भिजतो. माझ्या गाडीत बोल्ट ठोकायची वेळ कदाचित यामुळेच आली असेल, कारण आडोसा एका बाजूनं सुटला होता. वाकवून जागेवर बसवला, आता क्लीनर कोरडा.

नवाशिका (ग्वाल्हेर)

खूप आभार. होज कोणती घ्यायची? आमच्याकडे पाण्याची साधी होज पडून आहे, ती चालेल?

दौलतगंज (ग्वाल्हेर)

पाण्याची नको. तेलाच्या वाफेनं ती फुगते, आतून मऊ होते, आणि ओढ लागली की चपटी होऊन वाट बंद करते. बाहेरून बघितलं तर छान दिसत राहते, म्हणून जास्त धोक्याची. तेल आणि पेट्रोल सोसणारी नायट्राइल रबरची, आत दोऱ्याची वीण असलेली होज माग. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, तेव्हा जुन्या साध्या रबरावर अजिबात भरवसा ठेवू नकोस. माप कॅलिपरनं कव्हरच्या नळीवर घे, बाहेरच्या व्यासाएवढा होजचा आतला व्यास. वळणावर दुमडणार नाही एवढी लांब ठेव आणि एक्झॉस्टपासून दूर ने. खालच्या नळीच्या तोंडाला गाडी उभी करून ठेवताना बारीक तारेची जाळी बांध, माशीसाठी. चालवायला काढताना ती जाळी आधी काढ. स्टिअरिंगला चिठ्ठी लावून ठेव म्हणजे विसरणार नाहीस.